पुडी नंतर, आधी पहाटेचं पाणी

प्रश्न: माझी तिलापियाची तीन तळी आहेत. पहिले तीन महिने मासे छान वाढले, पण गेले दोन महिने वाढ अडल्यासारखी झाली आहे. खाद्य मात्र पूर्वीपेक्षा जास्तच लागतं. अधूनमधून दोन-चार मासे मेलेले सापडतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, ऊन चढलं की खाली जातात. पाण्याला हिरवागार रंग आहे आणि तळ्यात बारीक पिल्लंही पुष्कळ दिसतात, म्हणजे मासे तसे निरोगीच असावेत. खाद्य विकणाऱ्याने खाद्यात मिसळायची प्रोबायोटिक पावडर, म्हणजे उपयुक्त जिवंत जीवाणूंची पावडर, सुचवली आहे. वाढ वीस-तीस टक्क्यांनी वाढते आणि रोग येत नाही, असं तो म्हणतो. दुसऱ्या एका ओळखीच्याने अँटिबायोटिकची पावडर द्यायला सांगितली, ती परवापासून सुरू केली आहे. दोन्ही एकत्र दिलं तर चालेल का? प्रोबायोटिक किती, कसं आणि किती दिवस द्यायचं? आणि जीवाणू खाऊन वाढलेले मासे खाणाऱ्याला बाधणार तर नाहीत ना?

उत्तर: तुमचे सगळे प्रश्न पावडरीबद्दल आहेत, पण तुमच्या दुखण्याचं मूळ पत्रातल्या ज्या दोन वाक्यांत आहे, ती तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात. मासे पहाटे वर येतात हे एक आणि बारीक पिल्लं दिसतात हे दुसरं. प्रोबायोटिकचा डोस खाली दिलेला आहे, कुठे जात नाही. आधी ही दोन वाक्यं बघू.

हिरवंगार पाणी म्हणजे शेवाळाचे सूक्ष्म कण भरपूर असलेलं पाणी. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री मात्र शेवाळ, मासे, तळातला गाळ कुजवणारे जीवाणू असे सगळेच प्राणवायू ओढतात आणि नवा तयार करणारं कोणी नसतं. त्यामुळे पाण्यातला विरघळलेला प्राणवायू सूर्य उगवण्याच्या आसपास सर्वांत कमी असतो. मासे त्या वेळी वर येतात ते पाण्याच्या अगदी वरच्या थरात उरलेला प्राणवायू घ्यायला. तिलापिया मोठा चिवट मासा आहे. लिटरला १ मिलिग्रॅम प्राणवायूतही तो काही वेळ तग धरतो, आणि शेतकरी फसतो तो इथेच. दुसरा एखादा मासा अशा पहाटे पटापट मेला असता आणि तुम्ही त्याच दिवशी धावपळ केली असती. तिलापिया मरत नाही. तो खाणं कमी करतो, खाल्लेलं नीट पचवत नाही आणि वाढायचा थांबतो. रोज पहाटे काही तास प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल, तर तुम्ही घातलेल्या खाद्याचा बराच भाग मांस न होता गाळ होतो. तो गाळ कुजताना आणखी प्राणवायू खातो.

याच हिरव्या पाण्याची दुपारची बाजूही असते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमाराला पीएच ९ च्या आसपास किंवा त्याच्याही वर जाऊ शकतो. माशांनी टाकलेला अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप फार विषारी असतं. पाणी ३० अंश सेल्सिअस असेल आणि पीएच ७ असेल, तर विषारी रूपाचा वाटा शंभरात एकाहूनही कमी असतो. पीएच ८ ला तो सात-आठ होतो आणि ९ ला जवळपास पंचेचाळीस. म्हणजे सकाळी अमोनियाचं किट लावून 'ठीक आहे' म्हणणाऱ्या माणसाचे मासे त्याच दिवशी दुपारी कल्ले भाजून घेत असतात. त्यामुळे प्राणवायू पहाटे मोजा, पीएच आणि अमोनिया दुपारी मोजा. उलट्या वेळेला मोजलेले आकडे दिलासा देतात, उपयोगाचे नसतात.

अशा रोजच्या ताणात माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं आणि त्याची प्रतिकारशक्ती दबते. दोन-चार मासे मेलेले सापडण्याचं कारण बहुधा हेच आहे. मी 'बहुधा' म्हणतो, कारण मेलेला मासा मी पाहिलेला नाही. तुम्ही मात्र पाहू शकता. कल्ल्यांचा रंग, अंगावर व्रण किंवा पांढरे चट्टे, फुगलेले डोळे, पोटात पाणी यातलं काही दिसलं, तर नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा बर्फात ठेवून मत्स्यरोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत न्या. गोठवू मात्र नका, गोठवलेल्या माशातून निदान अवघड होतं.

आता पिल्लं. तुम्ही त्यांना निरोगीपणाची खूण समजलात, मला त्यात तुमच्या खाद्याचा हिशेब बिघडलेला दिसतो. तिलापियाची मादी फार लवकर वयात येते आणि अंडी तोंडात धरून उबवते. त्या काळात ती जवळपास काही खात नाही, म्हणजे तिची वाढ थांबते. वर तिच्या पिल्लांची फौज तुमच्याच खाद्यावर वाढते. तुम्ही खाद्य मोजता ते सोडलेल्या बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लांच्या, हिशेबाने आणि खातात मात्र तुम्ही कधी न सोडलेले हजारो मासे. खाद्य जास्त लागणं आणि वाढ अडणं या तुमच्या दोन्ही तक्रारी एवढ्या एका गोष्टीतून निघू शकतात. तुमचं बीज सगळं नर नव्हतं, किंवा 'मोनोसेक्स' म्हणून दिलेल्या बीजात माद्या बऱ्याच होत्या, हे उघड आहे. अशा तळ्यात प्रोबायोटिकने पचन खरोखर सुधारलं, तर पिल्लंच आधी गुटगुटीत होतील.

म्हणून पहिलं काम जाळ्याचं. बारीक आसाचं जाळं फिरवून पिल्लं काढा आणि ते दर पंधरवड्याला करत राहा. दुसरं काम खाद्याचं. पहाटे मासे वर दिसतात त्या दिवसाचं सकाळचं खाद्य बंद ठेवा किंवा ऊन चांगलं चढल्यावर, मासे खाली गेल्यावर द्या. रोजचं एकूण खाद्य आठवडाभर एक तृतीयांशाने कमी करून बघा. तिसरं काम एरेटरचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचं. तो दुपारी चालवून फारसा फायदा नाही, त्याची खरी गरज मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत असते. पाणी बदलण्याची सोय असेल तर तळाजवळचं थोडं पाणी काढून ताजं भरा. पहाटेचा आकडा ४ मिलिग्रॅमच्या वर टिकायला लागला की मगच पावडरीचा विचार सुरू करू.

अँटिबायोटिकबद्दल मला जरा कडकपणे लिहावं लागेल. रोग कोणता हे कोणी तपासलेलं नाही. जीवाणूजन्य आहे की नाही हेही ठाऊक नाही. प्राणवायू कमी पडला म्हणून दमलेल्या माशाला अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही. परजीवी किंवा विषाणू असेल तरीही साधत नाही. आजच एखाद्या मत्स्यतज्ज्ञाला किंवा पशुवैद्याला पाकीट दाखवा, त्यांच्या सांगण्यावरून काय ते ठरवा आणि पुढचं पाकीट स्वतःहून आणू नका. पाकिटावर औषध थांबवल्यापासून मासे विकेपर्यंत किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं. तो काळ पुरा होईपर्यंत या तळ्यातला एकही मासा बाजारात जाता कामा नये.

दोन्ही एकत्र देण्याचा प्रश्न यातूनच सुटतो. अँटिबायोटिक जीवाणू मारतं आणि प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जीवाणू. एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्या हाताने उपटायचं, असा तो खर्च होईल. शिवाय अँटिबायोटिकच्या सान्निध्यात जगून राहिलेल्या जीवाणूंमध्ये औषधाला दाद न देण्याची जनुकं पसरण्याचा धोका असतो. औषधाचा कोर्स संपल्यानंतर मात्र प्रोबायोटिक देण्याला खरंच अर्थ आहे. त्या वेळी माशाच्या आतड्यातले चांगले-वाईट असे दोन्ही प्रकारचे जीवाणू घटलेले असतात आणि रिकाम्या जागेवर आधी कोण बसतं याला महत्त्व येतं.

आता पावडरीकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ मंडळाने २००१ मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली तिचा गाभा असा: पुरेशा प्रमाणात दिले असता यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातले 'पुरेशा' आणि 'जिवंत' हे दोन शब्द पकडून ठेवा. बाजारातली पावडर नापास होते ती बहुतेक वेळा याच दोन शब्दांवर. जीवाणूचं नाव बरोबर असतं, पण तो मेलेला असतो किंवा मोजकाच असतो.

जिवंत आणि पुरेसा पोचला तर तो आतड्यात काय करतो? वाढीच्या दृष्टीने पाहिलं तर बॅसिलस जातीचे जीवाणू प्रथिनं, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ तोडणारे विकर (एन्झाइम) सोडतात. काही वाण, म्हणजे एकाच जीवाणूचे उपप्रकार, फायटेज हे विकरही बनवतात. हे महत्त्वाचं आहे, कारण आजच्या खाद्यात सोयाबीन, पेंडी, कोंडा असा वनस्पतिजन्य माल बराच असतो आणि त्यातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. माशाला तो एकट्याने सोडवता येत नाही. त्यामुळे मासळीच्या भुकटीवर बनवलेल्या भारी खाद्यापेक्षा वनस्पतिजन्य खाद्यात प्रोबायोटिकला करण्यासारखं काम जास्त असतं. तुमचं खाद्य मुळातच उत्तम प्रतीचं आणि पचायला हलकं असेल, तर फरक कमी दिसेल हे धरून चला.

रोगाच्या बाजूने पाहिलं तर आतड्याच्या अस्तरावर चिकटायला जागा मर्यादित असते. बस आधीच भरली असेल तर पुढच्या थांब्यावरच्या माणसाला उभं राहायलाही जागा मिळत नाही, तसं रोगकारक जीवाणूचं होतं. काही प्रोबायोटिक आम्लं आणि जीवाणूनाशक प्रथिनं सोडतात. मला सर्वांत रंजक वाटते ती तिसरी तऱ्हा. एरोमोनाससारखे रोगकारक जीवाणू रासायनिक निरोप सोडून आपली संख्या पुरेशी झाली का ते जोखतात आणि झाली की हल्ल्याचे पदार्थ बनवू लागतात. काही बॅसिलस वाण हा निरोपच तोडून टाकणारं विकर बनवतात. शत्रू मरत नाही, फक्त त्याला आपण किती जण आहोत ते कळत नाही.

प्रतिकारशक्तीबद्दल विक्रेते जे सांगतात त्यात तथ्य आहे, पण त्याची मर्यादा ते सांगत नाहीत. माशाला अस्थिमज्जेत किंवा लसिका ग्रंथींत रक्षक पेशी बनवण्याची सोय नसते. ते काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग, थायमस ग्रंथी, प्लीहा आणि काही अंशी आतड्याचं अस्तर करतं. प्रोबायोटिक दिल्यावर रक्तातलं लायसोझाइम हे जीवाणूंचं कवच फोडणारं विकर वाढणं, जीवाणू गिळणाऱ्या पेशी जास्त तत्पर होणं, असे बदल अनेक प्रयोगांत मोजले गेले आहेत. ही सगळी सर्वसाधारण तयारी असते. विशिष्ट रोगाविरुद्ध लस जे काम करते ते प्रोबायोटिक करत नाही. आर्गुलस म्हणजे माशांच्या उवा अंगावर चढल्या असतील किंवा विषाणू आला असेल, तर या तयारीवर भिस्त ठेवून बसता येत नाही. 'रोग येत नाही' असं म्हणणाऱ्याला कोणता रोग, हे एकदा विचारून पाहा.

मत्स्यपालनात हा विचार नवा नाही. बॅसिलस टोयोई या मातीतल्या जीवाणूचे बीजाणू खाद्यातून दिल्यावर यलोटेल माशाची वाढ सुधारल्याचं १९८६ मध्ये नोंदवलं गेलं. याच जीवाणूला युरोपीय संघाने २०१५ मध्ये पशुखाद्यासाठी परवानगी नाकारली, कारण औषधप्रतिकार आणि विषारी पदार्थांबद्दलची शंका फिटली नाही. म्हणजे वाढ होते एवढ्यावर गोष्ट संपत नाही, जीवाणू कोणता आहे हेही पाहावं लागतं.

डोसाबद्दल २००१ मधला एक प्रयोग मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. रेनबो ट्राउट माशांना लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस खाद्यातून दिला आणि मग त्यांना एरोमोनासच्या एका जातीचा संसर्ग घडवला. प्रोबायोटिक न मिळालेल्या गटात ५२.६ टक्के मासे मेले. खाद्याच्या दर ग्रॅमला १०० कोटी जीवाणू मिळालेल्या गटात मरतूक १८.९ टक्क्यांवर आली. त्याच्या हजारपट डोस मिळालेल्या गटात मात्र ती ४६.३ टक्के होती, म्हणजे जवळपास काहीच न दिल्यासारखी. 'परिणाम दिसत नाही, दुप्पट घाला' हा सल्ला कोणी दिला तर हे आकडे आठवा.

आणि तो वीस-तीस टक्क्यांचा दावा? असे आकडे प्रयोगशाळेतल्या टाक्यांत निघतात. तिथे पाणी स्वच्छ, मासे मोजके, तापमान स्थिर, खाद्य वजन करून दिलेलं. तुमच्या तळ्यात त्यातलं काय आहे? फरक न दिसलेलेही प्रयोग झाले आहेत, त्यांची जाहिरात कोणी छापत नाही, इतकंच. चांगल्या व्यवस्थापनाच्या तळ्यात मिळणारा फायदा मी लहानच धरतो. पण मत्स्यपालनात खाद्य हाच सर्वांत मोठा खर्च असल्याने लहान फायदाही पुरतो. पुरतो की नाही, ते खाली हिशेबात दाखवतो.

तिलापियासाठी वाण निवडताना त्याच्या जठराची आठवण ठेवा. या माशाच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की पचन चालू असताना तिथला पीएच २ च्याही खाली जातो. साध्या जीवाणूंपैकी बरेच तिथेच संपतात. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस यांसारखे जीवाणू बीजाणूच्या रूपात असतात. बीजाणूवर जाड कवच असतं, ते आम्ल आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसतं आणि आतड्यात गेल्यावर उगवतं. तुमच्या तळ्यासाठी मी बॅसिलसचंच उत्पादन घेईन. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस आणि यीस्ट यांचेही चांगले परिणाम नोंदलेले आहेत, पण त्यांची साठवण आणि हाताळणी जास्त नाजूक असते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या डब्यात काय शिल्लक असेल त्याची कल्पना करा.

पाकीट हातात घेतलं की त्यावर जीवाणूचं पूर्ण नाव, शक्यतो वाणाचा क्रमांक, दर ग्रॅमला किती सीएफयू म्हणजे वसाहत करू शकणारे जिवंत जीवाणू, ही संख्या कारखान्यातून निघतानाची आहे की मुदत संपेपर्यंतची, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख, साठवणीचं तापमान, हे सगळं लिहिलेलं हवं. 'उपयुक्त जीवाणूंचं मिश्रण' एवढंच छापलेलं असेल तर ते दुकानातच ठेवा. पंधरा जातींची नावं एका पाकिटावर पाहून भुलूही नका. इतक्या जणांना एका डब्यात जिवंत आणि पुरेशा संख्येने टिकवणं फार कठीण असतं. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पाण्यात टाकायचं प्रोबायोटिक वेगळं आणि खाद्यात मिसळायचं वेगळं. पहिलं गाळ आणि अमोनियासाठी असतं, त्याने आतड्याचं काम होईलच असं नाही. त्यातले बरेच जीवाणू स्वतः प्राणवायू वापरतात, त्यामुळे तुमच्यासारख्या तळ्यात ते रात्री ओतलं तर पहाटेची तारांबळ वाढेल. घरी मळी घालून आंबवलेल्या कोंड्याबद्दलही मला विचारणा होते. त्याने खाद्य मऊ आणि पाचक होऊ शकतं, पण त्यात कोणते जीवाणू किती वाढले हे दर खेपेला वेगळं असतं. त्याला खाद्य म्हणा, प्रोबायोटिक म्हणू नका.

मात्रेचं गणित सोपं आहे. बहुतेक प्रयोग खाद्याच्या दर ग्रॅमला १० लाख ते १०० कोटी या पट्ट्यात झाले आहेत. दर ग्रॅम खाद्याला १ कोटी ही सुरुवात करायला योग्य मात्रा धरा. एक किलो खाद्याला मग १,००० कोटी जीवाणू लागतील. पाकिटावर दर ग्रॅमला १०० कोटी लिहिलं असेल तर किलोला १० ग्रॅम पावडर पुरे. पाकिटावर १० कोटीच असतील तर किलोला १०० ग्रॅम लागेल आणि एवढी पावडर म्हणजे खाद्यात भुसा मिसळल्यासारखंच. तिथे स्वस्त पाकीट महाग पडतं. उत्पादकाने सांगितलेली मात्रा या गणितात बसते का तेही ताडून पाहा. कधी कधी ती शंभरपटीने कमी निघते.

मिसळताना पावडर थोड्याशा पाण्यात कालवायची. पाणी क्लोरिनचं नको, नळाचं असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेलं घ्या. पोटॅशियम परमँगनेटची बादली, ब्लीचिंग पावडरीचं भांडं असलं काही वापरू नका, ते जीवाणू मारायलाच बनवलेलं असतं. खाद्य ताडपत्रीवर पसरून त्यावर हे पाणी बारीक फवाऱ्याने मारा, हलक्या हाताने उलथापालथ करा. इतकं पाणी नको की गोळ्या फुगतील. सावलीत अर्धा-एक तास सुकू द्या आणि वरून किलोला १० ते २० मिलिलिटर खाद्यतेल किंवा माशाचं तेल फिरवा. हे तेलाचं वेष्टन नसेल तर गोळी पाण्यात पडताक्षणी पावडर धुऊन जाते आणि तुम्ही माशांऐवजी तळ्याला प्रोबायोटिक पाजता. उन्हात सुकवू नका. तयार केलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा आणि वीस मिनिटांत मासे जेवढं संपवतील तेवढंच टाका. गोळ्या बनवण्यापूर्वीच पावडर मिसळलेलं तयार खाद्य मिळतं. तरंगत्या खाद्याच्या यंत्रात तापमान शंभर अंशांच्या पुढे जातं, त्यात लॅक्टोबॅसिलस आणि यीस्ट जगत नाहीत, बॅसिलसचे बीजाणूही सगळे वाचत नाहीत. असं खाद्य घ्यायचं तर संख्या गोळी बनल्यानंतर मोजलेली आहे का ते विचारा.

किती दिवस द्यायचं? प्रोबायोटिक आतड्यात कायमचं घर करून बसत नाही. देणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, त्याची संख्या ओसरते. त्यामुळे एकदा आठवडाभर देऊन हंगामभराची निश्चिंती मिळत नाही. पैसा मर्यादित असेल तर मी तो तीन वेळांवर खर्च करीन: पिल्लं पहिल्यांदा बाहेरचं खाद्य खाऊ लागतात तेव्हा, बोटुकली हलवण्याच्या आणि वाहतुकीच्या आधी-नंतरचे दोन आठवडे, आणि औषधाचा कोर्स संपल्यावर. यातली पहिली वेळ सर्वांत मोलाची, कारण तेव्हा आतड्यातली जीवाणूंची वस्ती नुकती बसत असते. मोठ्या माशांना संपूर्ण वाढीच्या काळात द्यायचं की नाही हे हिशेबाने ठरवायचं.

आता तो हिशेब. समजा एक किलो मासा वाढायला तुम्हाला १.६ किलो खाद्य लागतं आणि प्रोबायोटिकने ते १.५ वर आलं. वाचलं १०० ग्रॅम खाद्य. पण पावडरीचा खर्च त्या १.५ किलो खाद्यावर पडणार. म्हणजे किलोभर खाद्यामागे पावडर, तेल आणि मजुरी मिळून होणारा खर्च खाद्याच्या किमतीच्या साडेसहा टक्क्यांच्या आत असेल, तरच तुमच्या हातात काही उरतं. त्याहून महाग पावडर घेतली तर मासे खुशाल सुधारतील, तुम्ही नाही. मरतूक कमी झाली तर तो फायदा यात वेगळा धरा.

१.६ चा १.५ खरंच झाला का, हे कळायला मात्र तुलना हवी. एका तळ्यात द्यायचं आणि दुसऱ्यात नाही, असं करू नका. दोन तळी कधी सारखी नसतात. एकाच तळ्यात सहा हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, बांधा, प्रत्येकात सारख्या वजनाचे आणि सारख्या संख्येचे मासे सोडा, चिठ्ठ्या टाकून तीन हापे प्रोबायोटिकचे ठरवा. उरलेल्या तिघांच्या खाद्यालाही तेलाचं वेष्टन द्या, फक्त पावडर वगळा. हे बरेच जण विसरतात. तेलात स्वतःची ऊर्जा असते, तेवढ्यानेही मासा थोडा वाढतो आणि श्रेय पावडरीला जातं. दर पंधरा दिवसांनी वजन घ्या, खाल्लेलं खाद्य आणि मेलेले मासे लिहून ठेवा, दोन महिने चालू द्या. एकाच पाण्यात असल्यामुळे थोडे जीवाणू शेजारच्या हाप्यात जाणारच, त्यामुळे फरक आहे त्याहून थोडा कमी दिसेल. चालेल. प्रोबायोटिकच्या तिन्ही हाप्यांचे आकडे बाकीच्या तिन्हींपेक्षा सरस आले तर पावडर घ्या. एक वर, एक खाली, एक मधे असं आलं तर विक्रेत्याला ती वही दाखवा.

शेवटचा प्रश्न खाणाऱ्याचा. बॅसिलस सबटिलिस, लॅक्टोबॅसिलस यांसारखे मान्यताप्राप्त वाण माशाच्या आतड्यात राहतात, मांसात साठत नाहीत. आतडी काढून, नीट धुऊन, शिजवलेल्या माशातून त्यांची भीती नाही. भीती असलीच तर ती नाव-गाव नसलेल्या पावडरीची, ज्यात औषधप्रतिकाराची जनुकं वाहणारा एखादा वाण असू शकतो. काही भेसळखोर तर 'प्रोबायोटिक'मध्ये अँटिबायोटिकच मिसळतात. पावडर सुरू केल्यावर दोन दिवसांत चमत्कार दिसला तर खूश होऊ नका, ती तपासून घ्या. ती मिसळताना तुम्हीही तोंडाला मास्क बांधा. बीजाणूंची बारीक धूळ छातीत जाणं बरं नाही.

पुढच्या पत्रात मला चार गोष्टी कळवा: सलग तीन पहाटेंचा प्राणवायू, त्याच दिवसांचा दुपारी तीनचा पीएच आणि अमोनिया, जाळ्यात निघालेल्या पिल्लांचं वजन, आणि निदान पन्नास माशांचं सरासरी वजन, नर आणि माद्या वेगळ्या करून. तोवर पावडरीचं पाकीट घेऊ नका. घेतलंच असेल तर थंड, कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवा.